विंगेतून दिसणारे आबा

नाटक मंडळीत तिला सगळे कुजबुजताई म्हणायचे. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द असा पोचवायचा, की त्याला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला नाही. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आज बाईसाहेबांचं लक्ष कशातच नव्हतं. आज कॅमेरा घ्यायचा होता! पहिला, स्वतःचा, खराखुरा डीएसएलआर!

घाई होती ती आबांमुळे. आबा मंडळीतले सगळ्यात जुने नट आणि येत्या रविवारी त्यांचा शेवटचा प्रयोग. "मला प्रॉम्प्टर लागत नाही," असं ते दिसेल त्याला ऐकवायचे. प्रत्यक्षात दर प्रयोगाला एकदा तरी त्यांची नजर हळूच विंगेकडे यायची, शब्द घ्यायची आणि परत जायची. हे ठाऊक होतं फक्त तिला. समोरून काढलेले आबांचे फोटो ढीगभर होते, पण विंगेतून दिसणाऱ्या आबांचा एकही नव्हता. तेवढा एक तिला हवा होता, आणि रविवार हुकला की संपलंच. दिग्दर्शकाने परवानगी दिली, पण बजावून: "फ्लॅश नाही. आणि खट् असा आवाज आला ना, तर कॅमेरा बाहेर आणि त्याच्या मागोमाग तू."

दुकानात ती एकटी गेली असती तर काम झटपट झालं असतं. पण सोबत भावोजी आले, कारण आपल्या नवऱ्याला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं असं बहिणीने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि मंडळीचा लाइटवाला आला, त्याला तर कोणी बोलावलंही नव्हतं. दोघांच्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या वेगळ्या. म्हणजे कंपन्या काही त्यांच्या नव्हेत, पण भांडण असं, जणू कारखाने यांनीच काढलेत.

"ताई, डोळे मिटून आमची घ्या," भावोजी म्हणाले. "चेहऱ्याचा रंग काय येतो, अहाहा!"

"रंग गेला खड्ड्यात," लाइटवाला उसळला. "अंधारात आमच्यापुढे कोण टिकतं ते बोला."

"नीट विचार करा हं," दुकानदार म्हणाला. "एकदा ही बॉडी घेतली की पुढे लेन्सही हिलाच बसणाऱ्या घ्याव्या लागतात. सोयरीक जुळवताय असं समजा."

"म्हणूनच म्हणतो, आमच्या घरात द्या!" भावोजी.

कुजबुजताईने दोन्ही कॅमेरे हातात घेऊन पाहिले. ते वजन, ती बोटांत बसणारी मूठ! अंगावर काटाच आला. दोन्ही इतके आवडले की आता काही खरं नाही, असं तिला वाटलं. मग तिने दुकानदाराला पंखा बंद करायला लावला, दोन्ही कॅमेरे कमी आवाजावर लावून घेतले आणि त्या दोघा पंडितांना दाराशी पाठमोरं उभं केलं.

"दार म्हणजे पहिली रांग. आवाज आला की हात वर करायचा. खोटं बोलाल तर आबांची शपथ आहे."

तिने एक कॅमेरा दाबला. दोघेही ढिम्म. तिने दुसरा दाबला. दोघांचेही हात वर.

"हा भावोजींचाच!" म्हणत लाइटवाला गर्रकन वळला आणि तिच्या हातातली आपली कंपनी बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

भावोजींची छाती जी फुगली, ती शर्टात मावेना. त्याच भरात त्यांनी हातभर लांब झूम लेन्स काउंटरवर ठेवायला लावली. "घ्या! चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"मला चंद्रावर कुठे जायचंय, भावोजी? माझं स्टूल हलत नाही आणि आबांची उभं राहायची जागाही हलत नाही. मग जवळ-लांब करायचं कशाला?"

"मग पन्नास एमएमची लेन्स घे!" लाइटवाल्याला पुन्हा कंठ फुटला. "झूम नाही, पण तोंड मोठं, उजेड भरपूर ओढते."

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यालाच उभं करून तिने दोन्ही लेन्स लावून बघितल्या. झूममध्ये नुसतं काळं भूत आलं. पन्नासमध्ये मात्र मिशीचा केस न् केस दिसत होता. कंपनी भावोजींची, लेन्स लाइटवाल्याची! दोघेही आपणच जिंकलो अशा तोऱ्यात घरी गेले, आणि ती कॅमेरा छातीशी धरून जवळजवळ पळतच निघाली.

रविवारी संहिता मांडीवर, कॅमेरा डोळ्याला. आबा चष्मा पुसताना, आबा एन्ट्रीआधी पुटपुटताना, असे फोटो मिळाले. छान होते, पण हवा होता तो त्यांत नव्हता. शेवटच्या अंकात आबा एका दिव्याखाली एकटे, लांबलचक भाषण, आणि मध्येच ते थांबले. प्रेक्षकांना वाटलं, वा, काय पॉज घेतलाय! तिला मात्र काचेतून दिसलं की शब्द गेला. आबांची नजर विंगेकडे आली आणि तिथेच अडकून राहिली. आधी फोटो घेतला असता तर ती नजर नक्की मिळाली असती.

"उंबरठा," ती कुजबुजली. बोट त्यानंतर दाबलं गेलं.

आबांनी शब्द उचलला, वाक्य पुरं केलं आणि टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. खट् कोणालाच ऐकू आलं नव्हतं.

मेकअपच्या खोलीत तिने फोटो फक्त आबांना दाखवला. शब्द नुकताच हाती लागलेला चेहरा होता तो. जिन्यावर पाय घसरता घसरता कोणीतरी दंड धरावा, तसा. नजर थेट कॅमेऱ्याकडे.

"हा कोणाला दाखवत नाही, आबा. म्हणाल तर आत्ता पुसते."

आबांनी चष्मा लावला आणि कॅमेरा डोळ्यांजवळ धरला.

"खबरदार! मोठा करून नाट्यगृहाच्या दारात लाव. आयुष्यभर थापा मारल्या मी, बस झालं. आणि म्हातारा कोणाकडे बघतोय असं कोणी विचारलं, तर तुझं नाव सांगायचं. मोठ्याने."

तिने तिथल्या तिथे आपल्याच नावाची अशी आरोळी ठोकली, की दिग्दर्शक चपला न घालता धावत आला.