झोंब नसलेली डबी

मी एक जुनी काशाची वाटी आहे. बंगालातल्या खागड्याच्या कासाराने मला ठोकून घडवलं आणि तिथल्याच नवद्वीप गावच्या या घरी मी आले ती मोहरीच्या तेलासाठी. थंडी पडली की मला गच्चीवरच्या उन्हात तापत ठेवायचं, मग पोरांना एकेक करून माझ्यापुढे बसवायचं. बेंबीत थेंब, नाकपुड्यांत थेंब, आणि वर ललिता पिशीचे रट्टे. पिशी म्हणजे पोरांची आत्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की ती खूश. "झोंबतंय ना? म्हणजे तेल अस्सल!" मित्रांनो, ती झोंबच माझी ऐट होती.

मग पिशीच्या भावाला मुलगी झाली, तुतुल. तिच्या कोपरांच्या नि गुडघ्यांच्या घडीत लाल चट्टे, खाजवून खाजवून रक्त निघायचं. "तेल कमी पडतंय," म्हणून पिशी दुप्पट चोळू लागली. पोर किंचाळायची.

शेवटी तिची आई शर्बरी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. येताना क्रीमची पांढरी प्लॅस्टिकची डबी आणली. "दीदी, हा एक्झिमा आहे. कातडी मुळातच कोरडी, त्यात हे तेल तिला जाळतं. कोमट पाण्याने अंघोळ घालायची आणि अंग ओलसर असतानाच हे लावायचं. रोज. चट्टे फार लाल झाले तर औषधाचं मलम वेगळं."

"ना वास, ना झोंब! लोणी आहे का हे?" पिशी फणकारली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण डबी फळीवर माझ्याच जागी बसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काशाची, ती प्लॅस्टिकची! तुतुलची कातडी निवत गेली, तशी मी जळत गेले.

पौष संक्रांतीला शर्बरी पिठे, म्हणजे तांदळाची गोड पक्वान्नं, करण्यात गुंतली होती. "पोर बरी झाली, आता डबी कशाला?" म्हणत पिशीने मला उचललं. काय सांगू माझा आनंद!

चट्टे परतले, आधीपेक्षा लाल. शेजारीण आपल्या मुलाला ओढत म्हणाली, "तिला शिवू नकोस रे, तुला लागण होईल!"

पिशी कडाडली, "हे लागणारं दुखणं नव्हे ग! पोरीला लागलं असेल तर माझं तेल लागलंय."

डॉक्टरांच्या औषधाने चट्टे निवाले. मग अंघोळीनंतर पिशीने स्वतःच डबी उघडली. इतकी वर्षं माझ्यात बुडालेली ती बोटं तिच्यात बुडाली. तुतुल डोळे घट्ट मिटून बसली होती. "झालं?" "झालं ग राणी." पोर तिथेच पिशीच्या मांडीवर झोपून गेली. हात उघडे, सैल. खाजवत नव्हती. असं सुख मी कुणालाच दिलं नव्हतं, आणि त्या डबीचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.

मित्रांनो, कुणाच्या अंगावरचे चट्टे पाहून लांब पळू नका. आणि कातडी नितळ दिसली म्हणून हयगय करू नका. मला घासायला विसरलात तरी चालेल, पण त्या मेलीचं झाकण रोज उघडा.