आळणीची वाटी

नवा जावई आमच्या कसबा बावड्यात सासरी पहिल्यांदा जेवायला बसला की बायकांनी त्याची थट्टा करायची आणि त्यानं जागच्या जागी उत्तर द्यायचं, ही जुनी रीत. आमच्या ह्यांनी माझ्या माहेरी मावशीला असं उत्तर दिलं होतं की हसता हसता तिच्या हातातली पळी पडली. तशी माणसं आता राहिली नाहीत, असं मी सारखं म्हणत असते.

माझी नात प्रियदर्शनी डॉक्टर आहे. मागच्या रविवारी तिनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या विश्वजितला जेवायला आणलं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "आज्जी, तू हो म्हणालीस तरच पुढं जायचं."

पोरगा आल्यापासून गप्प. विचारलं तेवढंच बोलायचा. माझे दीर हंबीरराव त्याला डिवचून दमले. मग मटण शिजल्यावर, तिखट पडायच्या आधी लहान पोरांसाठी जे पाणी काढून ठेवतो, त्या आळणीची वाटी मी त्याच्या ताटात ठेवली. म्हटलं, "लेकराला हेच सोसंल." तो ती पिऊन "छान झालंय" म्हणाला. एवढंच. सगळे हसले, तसा मला चेव आला.

"माणूसबी आळणीच हाय की," मी म्हणाले.

प्रियदर्शनीनं हातातला घास खाली ठेवला. "आज्जी, एका आजाराच्या नावात इन्सिपिडस असा लॅटिन शब्द हाय. मूळ अर्थ बेचव, आळणी. पुढं लोक कंटाळवाण्या माणसालाबी तो लावायला लागले. आम्ही डॉक्टर फक्त आजाराला लावतो. माणसाला न्हाय."

माझी मान वर होईना.

जेवण झाल्यावर विश्वजित स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. "मी कमीच बोलतो, आज्जी. ते खरं आहे," म्हणाला आणि पाया पडला. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा सोडून मी मोरीकडं बोट दाखवलं.

सोमवारी सकाळी मी नातीला फोन केला. पोरगा चांगला आहे, माझा होकार आहे, हे एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, "लग्न ठरलंय, आज्जी. आता तुला विचारलेलं न्हाय."

मी विश्वजितचा नंबर मागितला. त्याला विचारून मग देते, म्हणाली.