आर्वोच्या गाडीतला काटा

एकतीस वर्षांच्या संसारात आर्वो हार्यूनं बायकोला आपल्या गाडीच्या स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता. घर तिच्या नावावर केलं, मासे धरायची होडी मेव्हण्याला देऊन टाकली, पण गाडीच्या बाबतीत माणूस दगड. आणि त्या शनिवारी लोर्ना खिडकीपाशी पेस्टीसाठी, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्यांसाठी, पीठ मळत उभी होती, तर काय, तीच हिरवी गाडी दारात येऊन थांबली आणि ती चालवत होती ग्वेन तेर्वो. आर्वो शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पहिल्या बाकावरच्या गुणी मुलासारखा बसला होता.

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पीठ तिनं असं काही आपटलं की त्या दिवशीच्या पेस्ट्या खाताना आर्वोला दात सांभाळावे लागले.

ग्वेन पंचेचाळिशीची, घटस्फोट झालेली, पुलापलीकडे ह्यूटनला डोळ्यांच्या डॉक्टरांच्या काउंटरवर बसायची. हसली की गालाला खळी पडायची. बसते डोळ्यांच्या दवाखान्यात आणि डोळा दुसऱ्याच्या नवऱ्यावर, असं लोर्ना बहिणीला फोनवर म्हणाली होती. तेव्हा ते अर्धं गमतीत होतं. आता त्यात गंमत उरली नव्हती.

मे महिन्यापासून हे चाललं होतं. दर शनिवारी दहाला ग्वेन यायची, दोघं गाडीचं बॉनेट उघडून वाकायची आणि मग टेकडीवर चक्कर मारून यायची; दारातून निघताना-येताना मात्र स्टीअरिंगवर आर्वोच दिसायचा. जाताना खिडकीतून ग्वेनचा आवाज ऐकू यायचा. "अठरा, आर्वो. अठरा, अठरा." आणि आर्वो म्हणायचा, "शाब्बास गं पोरी." लोर्ना एकतीस वर्षं त्याला वेलचीचा ब्रेड भाजून घालत होती, शाब्बासकी तिच्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

त्या रात्री जेवताना तिनं विचारलंच.

"ती का चालवते तुझी गाडी?"

"गळती आहे कुठंतरी," आर्वो ताटातून मान न उचलता म्हणाला. "काटा चौदावर असतो. एकानं चालवायची, एकानं नळ्यांना कान लावायचा. दोन माणसं लागतात."

"मी माणसात येत नाही वाटतं?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

म्हणाला आणि बटाटा मागितला. लोर्नानं बटाटा दिला. पण ते वाक्य तिच्या नाकाला मिरच्यांसारखं झोंबत राहिलं.

ती गाडी पंच्याऐंशी सालची, टर्बोवाली. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर आर्वोनं स्वतः एक गोल डायल बसवला होता, वाटीएवढा. तो कसा वाचायचा, हे इतकी वर्षं लोर्नाला जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. आता वाटलं. तळघरात शोधून तिनं त्या डायलच्या खोक्यातलं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि ती कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघरात, मुलांची जेवणं आटोपली की, एप्रनखाली लपवून वाचायला घेतलं. बाकीच्या बायकांना वाटलं, ही काहीतरी चावट वाचतेय.

पुस्तकात चित्रं होती. मधे शून्य. इंजिन आरामात असलं की ते हवा ओढतं, काटा डावीकडे जातो. जोर लावला की टर्बो हवा आत कोंबतो, काटा उजवीकडे जातो. उजवीकडचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की एक झडप उघडते, म्हणजे इंजिन फुटत नाही. डावीकडे मात्र खरी वैद्यकी. उभ्या गाडीत काटा सतरा ते एकवीसच्या मधे स्थिर, तर इंजिन ठणठणीत. ठेक्यात खाली टिचक्या मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. संथ डुलत असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडलंय. आणि स्थिर पण चौदा-पंधरावर असेल, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरतेय.

हे शेवटचं वाक्य तिनं तीनदा वाचलं.

म्हणजे आर्वो सांगत होता त्यात अर्थ होता. खरंच चौदा असेल तर गळती खरी आणि ग्वेन नुसती मदतनीस. काटा अठरावर असेल तर गाडी धडधाकट, आणि हे दोघं दर शनिवारी टेकडीवर काय शोधायला जातात हे समजायला पुस्तकाची गरज नव्हती. आणि ग्वेन तर अठरा, अठरा करत होती. पण धावत्या गाडीतून ऐकलेल्या आकड्यावर संसार मोडत नाहीत. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पुढच्या शनिवारी आर्वो तळघरात सौनासाठी, घरच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं रचत होता. नऊ वाजून गेले होते. लोर्नानं खुंटीवरची किल्ली काढली, भांडी पुसायचा फडका खांद्यावर तसाच, आणि जाऊन गाडीत बसली. सीट ग्वेनच्या मापानं पुढे ओढलेली होती. ती मागे सरकवताना लोर्नानं लिव्हरवर जो राग काढला, तो लिव्हरनं बिचाऱ्यानं सोसला.

इंजिन लागलं. गाडी गरम होईपर्यंत वाचायचं नाही, असं पुस्तकात होतं, म्हणून ती दहा मिनिटं हाताची घडी घालून बसली. ऑक्टोबरच्या गारठ्यानं डायलच्या काचेवर धूसर झालं होतं. तिनं फडक्यानं काच पुसली आणि पाहिलं.

अठरा. काटा खिळा ठोकल्यासारखा अठरावर.

तिला वाटलं होतं, कळलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. काच अजून धूसर असेल म्हणून तिनं पुन्हा फडका लावला, तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. इंजिनचा आवाज ऐकून आर्वो नुसत्या मोज्यांवर धावत आला होता.

"उतर खाली. काय करतेयस तू?"

"उतरते. आधी सांग, काटा कितीवर आहे?"

"लोर्ना—"

"तूच सांग. तुझ्या तोंडानं."

आर्वो दारातून आत वाकला. डायलकडे सरळ, नीट, बराच वेळ पाहिलं. "चौदा," तो म्हणाला. "बघ. सांगितलं नव्हतं? गळती आहे."

लोर्नाच्या ओठावर खोटारडा हा शब्द आला होता. मग तिनं डायलकडे पाहिलं. तिथं तिचा हात होता आणि हाताखाली निळा फडका. डायल अख्खा झाकलेला होता.

तिनं फडका काढला नाही. "परत बघ," ती हळू म्हणाली.

"चौदाच आहे."

गेल्या उन्हाळ्यापासून तो कॉफी ओतताना कपाच्या कडेला बोट का लावतो, पत्ते खेळायला का जात नाही, टीव्हीकडे मान तिरकी करून का बघतो, हे सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. त्या सगळ्याला तिनं म्हातारचळ म्हटलं होतं.

"आर्वो, माझा हात आहे तिथं. फडका आहे."

तो सरळ झाला. मग गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. तिनं पाहिलं, वळसा घालताना त्याचा एक हात बॉनेटवर होता.

"मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. मधे धुकं. एप्रिलात डॉक्टर म्हणाला, हे आता असंच वाढत जाणार."

"एप्रिलात."

"त्या दिवशी डोळ्यांत थेंब घातले होते, गाडी आणता येईना. ग्वेननं आणून सोडलं. तिला मीच म्हणालो, कुणाला सांगू नकोस."

"कुणाला म्हणजे मला."

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"आणि सौनाच्या वाफेत तुझ्या बहिणीला सांगितलं असतंस. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी माझा हात धरून मला बाकावर बसवलं असतं." तो थांबला. "ग्वेननं फक्त गाडी चालवली, तीही कोपऱ्यापलीकडे. आकडे सांगायची, बास. मला आवाज ऐकू येतो, पण काटा कळला की गाडी अजून माझी आहे असं वाटतं."

लोर्ना रडली नाही. रडायला तिला आवडलं असतं, पण रागानं जागा सोडली नाही. नवऱ्यानं दुसरीचा गालगुच्चा घेतला असता तर तिनं चार दिवस भांडी आपटली असती, पाचव्या दिवशी सोडून दिलं असतं. यानं आपला अंधार नेऊन दुसरीच्या ओटीत घातला होता. सहा महिने. घरात बायको असताना.

"पट्टा लाव," ती म्हणाली.

"ग्वेन दहाला—"

"ग्वेन दारात उभी राहील. पट्टा लाव."

वडिलांच्या ट्रकवर शिकलेली बाई ती, क्लच तिला नवा नव्हता. पूल मागे पडला, चढ लागला. मग आर्वोनं हळूच, चोरट्यासारखं म्हटलं, "तिसरा गिअर टाक. आता पाय पूर्ण दाब आणि आकडे बोल."

तिनं पाय दाबला. गाडीनं क्षणभर दम घेतला आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी सुटली. काटा शून्य ओलांडून उजवीकडे निघाला.

"चार," लोर्ना म्हणाली. "सात. नऊ."

आर्वोनं डोळे मिटून घेतले होते. चेहरा असा की लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं तो पाहिला असेल, त्यानंतर नाही. हा चेहरा दर शनिवारी ग्वेननं शेजारी बसून पाहिला होता.

"ग्वेनला किती यायचे?" तिनं विचारलं.

"बारा. इथंच, या वळणापाशी."

काटा बारावर येऊन थांबला.

"तेरा," लोर्ना म्हणाली.

आर्वोनं डोळे उघडले. "तेरा होत नाहीत. बाराला झडप उघडते. मीच बसवलीय."

"तेरा."

"खरं सांग, लोर्ना."

"तू सांगितलंस?"

गाडी वर सपाटीला लागली, तसा तिनं पाय सैल केला आणि काटा परत डावीकडे गेला.

"बरं," आर्वो म्हणाला. "तेरा."