एका अनुभवी शिक्षकाचा अकरावा धडा

आबेदाच्या वर्गात गाइडला बंदी होती. कुणाच्या दप्तरात पिवळ्या कव्हरचं ते पातळ पुस्तक सापडलंच, तर ती ते मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरून कपाटात टाकायची आणि परीक्षा उलटल्यावरच परत द्यायची. गाइड म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं तिचं मत होतं. आणि एकदा झालेलं मत बदलायची पुण्यातल्या पेठांमध्ये फारशी पद्धत नाही.

त्यामुळे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक अनंतराव तिच्या रविवार पेठेतल्या घराचा जिना धापा टाकत चढून आले आणि त्यांनी तेच पिवळं पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा तिनं चहाचं आधण ठेवायच्या आधीच नकार देऊन टाकला. अभ्यासक्रम बदलला होता, गाइडची नवी आवृत्ती काढायची होती, आणि तिच्याइतकं चांगलं इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी त्यांना ठाऊक नव्हतं. अनंतरावांनी सगळा नकार शांतपणे ऐकून घेतला.

"नाही म्हणायचं ते उद्या म्हणा, बाई," ते म्हणाले. "आज एवढंच ऐका. हे पुस्तक तुमच्या वडिलांनी लिहिलंय."

शमशुद्दीन मास्तरांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ते ज्या शाळेत शिकवत तिथं मास्तरांनी गाइड लिहिलेलं खपत नसे, म्हणून कव्हरवर नाव नव्हतं. नुसतं 'एक अनुभवी शिक्षक' एवढंच छापलेलं. गाइडच्या धंद्यात अशा अनुभवी शिक्षकांची कधी वाण पडली नाही. मास्तर हयात असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा शब्द अनंतरावांनी दिला होता आणि एकवीस वर्षं पाळलाही होता. आता त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आतली उदाहरणं फार जुनाट झालीत. टोप्या, खाटा, कंदील. त्या जागी लूना घाला, टेलिव्हिजन घाला. शनिवारपर्यंत काय ते कळवा, असं सांगून ते जिना उतरले.

आबेदा पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. अब्बांनी काही लिहिलं असेल यावर तिचा विश्वासच बसत नव्हता. घरात हा माणूस मोजून मापून बोलायचा, आणि एका गोष्टीबद्दल तर एक अक्षर बोलला नव्हता.

ती गोष्ट म्हणजे दादामियाँ. आबेदाचा धाकटा भाऊ, आजोबांचं नाव ठेवलेला. छप्पन साली, नऊ वर्षांचा असताना, विषमज्वरानं अकरा दिवसांत गेला. अब्बांनी त्याला माती दिली आणि चौथ्या दिवशी शाळेत जाऊन वर्ग घेतला. त्यानंतर पोराचं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. अम्मीनं चुकून काढलंच, तर ते उठायचे, पायात वहाणा सरकवायचे आणि बाहेर निघून जायचे. अम्मी म्हणजे जुबेदा, जुन्नरकडची, तोंडात मराठीच जास्त. ती म्हणायची, "मास्तरांच्या छातीत काळीज नाही, फळा आहे. लिहिलं की पुसलं."

हा राग तिनं एकवीस वर्षं विझू दिला नाही. अब्बांचा जनाजा उचलण्याआधी रिवाजाप्रमाणे बायकांनी तिला दंडाला धरून पुढे आणलं. नवऱ्याचं बोललं-चाललं, चुकलं-माकलं सगळं माफ केलं, असं बायकोनं तेव्हा म्हणायचं असतं. अम्मी बोलली नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. शेवटी एका म्हातारीनं तिच्या वतीनं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. गल्लीत पुढे महिनाभर तोच विषय होता. आबेदाला मात्र त्यात अम्मीचं काही चुकलंसं वाटलं नव्हतं. तीही त्याच घरात वाढलेली. बाप दगडाचा आहे हे तिला बाराव्या वर्षापासून माहीत होतं.

रविवारी दुपारी तिनं गाइड उघडलं. पहिले दहा धडे कोरडे, नेटके, अगदी अब्बांसारखे. अकराव्या धड्यात नामाच्या मागून येणारे शब्द होते. वर मास्तरांनी मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या: 'आपण मराठीत आधी जागा सांगतो, मग वस्तू. इंग्रज माणूस आधी वस्तू समोर ठेवतो आणि ती कुठे आहे, केव्हाची आहे, हे मागाहून सांगतो. विद्यार्थ्यांनी घाई करू नये. आधी वस्तूकडे नीट पाहावे.'

खाली बारा उदाहरणं होती. द सँडल्स अंडर द कॉट. द कॅप ऑन द नेल. द काइट बिहाइंड द कबर्ड.

तिसऱ्या उदाहरणाशी आबेदा थांबली. त्या घरात पतंग एकच जण उडवायचा, दादामियाँ. मग ती पुढे वाचू लागली. द बेड बाय द विंडो: दवाखान्यातली खिडकीजवळची ती खाट तिला अजून आठवत होती. द रूम अपस्टेअर्स: घरातली सगळी राहत होती तीच ही माडीवरची खोली. मग लागोपाठ दोन: द इव्हनिंग बिफोर, द मॉर्निंग आफ्टर. आदली संध्याकाळ आणि नंतरची सकाळ. कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची, ते कुठंच लिहिलं नव्हतं. बाराही उदाहरणांत क्रियापद नव्हतं. कुणी येत नव्हतं, जात नव्हतं, रडत नव्हतं. नुसत्या वस्तू होत्या आणि त्यांच्या जागा होत्या, कुणीतरी खोलीत उभं राहून एकेका वस्तूकडे बोट दाखवावं तशा.

पुस्तकाची पहिली आवृत्ती सत्तावन्नची होती. दादामियाँ गेला त्याच्या पुढच्याच वर्षाची.

तिला हुंदका आवरेना. एकवीस वर्षं पुण्यातली पोरं खाकी चड्ड्या घालून ओसरीवर ही बारा उदाहरणं मोठमोठ्यानं घोकत होती. तिच्या भावाच्या चपला, टोपी, पतंग गल्लोगल्ली ऐकू येत होते, आणि ती मात्र दोन बोटांनी ते पुस्तक उचलून कपाटात कोंडत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते खोटं नाही. बापाला दगड म्हटल्याची लाज तिला त्या दुपारी पहिल्यांदा वाटली.

अनंतरावांचा प्रश्न सोपा होता. बुधवारी ती दुकानात गेली आणि बाकीचं सगळं बदलून देते, अकरावा धडा आहे तसाच राहील, म्हणून सांगून आली. खिळ्यावरची टोपी आजकालच्या पोरांनी कुठं पाहिलीय, ती समजवायला तुम्ही घरोघर जाणार का, असं अनंतरावांनी विचारलं. जाईन, म्हणाली. तेव्हा त्यांनी प्रतीवर त्या धड्यापुढे लाल पेन्सिलीनं 'कायम' असं लिहिलं.

खरा प्रश्न अम्मीचा होता. अम्मीला इंग्रजीचा गंध नव्हता. आबेदा गप्प बसली असती तर तिला हे जन्मात कळलं नसतं. आणि कळून तरी काय व्हायचं होतं? माणूस मातीत गेला होता. साठीला टेकलेली ही बाई रागाच्या काठीवर रेलून इतकी वर्षं चालली होती. ती काठी काढून घेतली तर ती उभी कशाच्या आधारानं राहणार? तीन दिवस आबेदा पुस्तक पिशवीत घेऊन हिंडली. सांगितलं तर क्रूरपणा, न सांगितलं तर त्याहून मोठा. शुक्रवारी दुपारी अम्मी खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. कशावरून तरी मास्तरांचा विषय निघाला आणि ती सवयीनं म्हणाली, "फळा होता तो, फळा." आबेदानं पिशवीतून पुस्तक काढलं.

हे अब्बांनी लिहिलंय, एवढं सांगून ती वाचायला लागली. आधी इंग्रजी, मग मराठी. मराठी सांगतानाही तिनं अब्बांचाच क्रम ठेवला. आधी वस्तू, मग जागा. चपला, खाटेखाली. टोपी, खिळ्यावर.

अम्मीनं विचारलं, "कुणाच्या चपला?"

आबेदानं पुढचं वाचलं. पतंग, म्हणाली. कपाटामागं.

अम्मीची बोटं तांदळात तशीच राहिली. पोर गेल्यावर तो पतंग आपण कपाटामागं लपवला होता, ती हळू आवाजात म्हणाली, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना दिसला असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग खिडकीजवळची खाट आली, आदली संध्याकाळ आली, नंतरची सकाळ आली. अम्मी खालमानेनं ऐकत होती. मध्ये एकदा तिनं हात वर केला. आबेदा थांबली, पण तो हात पुन्हा खाली गेला. मग शेवटचं उदाहरण उरलं. द वुमन बिहाइंड द डोअर.

"बाई," ती म्हणाली. "दाराआड."

 खालच्या दुकानात कुणीतरी तांब्याच्या हंड्यावर ठोके घालत होतं.

"मी आतल्या खोलीत रडायचे," अम्मी म्हणाली. "तोंडात पदर कोंबून. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

"त्यांना ऐकू येत होतं, अम्मी."

"ते दारापाशी उभे राहायचे?"

पुस्तकात ते नव्हतं. पण बाई दाराआड आहे हे ज्याला दिसतं, तो दाराच्या दुसऱ्या बाजूला असतो, हे अम्मीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं सूप मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं.

"कडी आतून असायची, आबेदा. मीच लावायचे." ती दाराकडे बघत होती. "त्या दिवशी सगळ्या मला सांगत होत्या, माफ कर, माफ कर. मास्तरांना कुणी विचारलंच नाही, हिला माफ केलंत का म्हणून."