मास्तरांची बाटली

मास्तरांची बाटली भरायचं काम धाकटीकडे होतं.

लांब मानेची, काचेची, कंपनीनं दिलेली बाटली. वर छापील चिठ्ठी: 'गॅसच्या खोदकामाशेजारच्या विहिरीचं पाणी.' चिठ्ठी कंपनीची, झाकण कंपनीचं, आणि पाणी मात्र धाकटीच्या स्वयंपाकघरातलं. शहराला लांबच्या तलावातून येतं ते. तेही ती फिल्टरमधून गाळून भरायची, कारण मास्तरांचं पोट नाजूक. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला कळलं होतं की या माणसाचा आवाज वाघाचा आहे आणि जठर चिमणीचं.

धाकटी म्हणजे कुणी कोवळी पोर नव्हे. पन्नाशीला टेकलेली, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई. थोरलीच्या पाठीवर जन्मली एवढ्या एका गुन्ह्यापायी ती जन्मभर धाकटीच राहिली. पुढच्या खोलीत तिचं मशीन. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं ती शिवायची. मास्तर भूगोल शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. समोर चार माणसं दिसली की हात आपोआप खडू शोधायचा. कंपनीनं नेमकं हेच हेरलं आणि त्यांना लोकांना समजावून सांगण्याच्या कामावर ठेवलं.

समजावायचं ते असं. जमिनीखाली फार खोल शेल नावाचा खडक असतो, आणि त्याच्या बारीक फटींत गॅस कोंडलेला असतो. तिथवर भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबानं आत घुसवायची, खडक फोडायचा, की गॅस वर येतो. मास्तर हे इतकं छान सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, खडकही बिचारा कधीपासून मोकळं व्हायची वाट बघत होता. "कोळशाचा धूर गिळण्यापेक्षा गॅस बरा," ते म्हणत. "परदेशातून गॅस विकत घ्यायचा आणि आपल्या पोरांनी नोकरीसाठी परदेशात जायचं, हा कुठला हिशेब?" यात खोटं काही नव्हतं. थोरलीच्या गावातून दरवर्षी पोरं बाहेर पडत, आणि घरांना कुलपं लागत. खोदकाम सुरू झालं तशी काही कुलपं उघडली होती.

विरुद्ध बाजूचा पुढारी होता नळवाला. तोही खोटं बोलत नव्हता. "गॅस संपेल, कंपनी जाईल, आणि नासलेलं पाणी मात्र आपल्याच पदरात राहील. नोकरी पिता येत नाही," तो म्हणायचा, आणि टाळ्या घ्यायचा.

मग दोघांनाही टाळ्या अपुऱ्या पडायला लागल्या.

मास्तरांनी बाटली काढली. सभेच्या शेवटी ग्लासात ओतायची, उजेडात धरायची, घटाघटा प्यायची, मिशी पुसायची. पहिल्या वेळी धाकटीनं विचारलं होतं, "अहो, पण हे तर आपल्या नळाचं."

"पोट बरं नाही म्हणून आजच्यापुरतं," मास्तर म्हणाले. "तिकडचं पाणी प्रयोगशाळेत तपासलेलंच आहे. लोकांना अहवाल वाचता येत नाही, म्हणून हे फक्त दृश्य रूपात."

आजच्यापुरतंचं रोजचं झालं. बाटली ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी येऊन बसली, जशी काही घरातलीच.

नळवाल्यानं आग काढली. त्याच्या घरचा नळ सोडून काडी लावली की पाण्याबरोबर ज्वाळा यायची. ती चित्रफीत घरोघरी फोनवर फिरली. त्याच्या आदल्या आठवड्यात तो धाकटीकडे बेसिनखाली लावायला पडदा शिवून घ्यायला आला होता. "जाड कापड घ्या वहिनी. खालचा सिलिंडर दिसायला नको, आणि नळीही."

"बेसिनखाली सिलिंडर कशाला?"

"जागा नाही हो घरात."

धाकटीनं पडदा शिवला. वर दुहेरी शिलाईही मारली. नंतर चित्रफितीत आपलाच पडदा ओळखला तेव्हा तिला हसू आलं, आणि हसता हसता तोंडात कसलीतरी कडवट लाळ जमली. पुढे महिन्याभरात कुणीतरी तो पडदा बाजूला सारलाच, आणि नळवाल्याची छी थू झाली. ज्यांच्या नळाला खरोखरच वास येत होता त्यांनी तोंडं मिटून घेतली. कोण म्हणवून घेणार नळवाल्याचा भाऊ?

कंपनीच्या टेबलांची निळी कापडं आणि विरोधकांचे काळे झेंडे, दोन्ही याच मशीनवर शिवले जात. धाकटी स्वतःला सांगायची, सुईला कुठे कळतं?

पण सुईला कळत नसलं तरी नाकाला कळतं. त्या सोमवारी ती थोरलीकडे गेली आणि दारातच थबकली. स्वयंपाकघरातून नासक्या अंड्यासारखा वास येत होता. थोरलीनं चहा पुढे केला. वर तवंग. इंद्रधनुष्यी, गुळगुळीत, खरकट्या कढईत पाणी ओतल्यावर येतो तसला. धाकटीनं कप ओठाला लावला आणि जीभ आतल्या आत मागे सरकली.

"ताई, हे काय गं पाण्याला?"

"जुने पाइप आहेत. वास मारतात थोडा." थोरलीनं आपला कप तवंगासकट संपवला. "तू शहरात राहून नाजूक झालीस."

आतून ओकारीचा आवाज आला. थोरलीची सून सातव्या महिन्यात होती. ती बाहेर आली ती भिंतीला धरून. चेहरा पिठासारखा.

"बघ हिला," थोरली म्हणाली. "पलंगाखाली विकतच्या पाण्याच्या बाटल्या लपवते. काल काढून फेकून दिल्या मी. गावात बोभाटा होईल, मास्तरांच्या घरचीच माणसं विकतचं पाणी पितात म्हणून. भावोजी सगळ्यांदेखत आपल्या विहिरीचं पाणी पितात, ते मेले का? नळवाला तर लबाड निघाला. मग खरं कोण राहिलं?"

 सुनेनं धाकटीकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही तर त्यांच्या घरात असता. तुम्हीच सांगा ना."

धाकटीच्या ओठावर आलं होतं. पण थोरली कौतुकानं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटीच्या घरच्या कुणाचा तरी तिला अभिमान वाटत होता. लग्नाच्या वेळी "मास्तरडा" म्हणून नाक मुरडणारी हीच. धाकटीनं शब्द गिळला. चहाही गिळला. दोन्ही सारखेच लागले.

निघताना मात्र तिनं पिशवीतली रिकामी बाटली काढली आणि थोरलीच्या नळाखाली धरली.

"कशाला गं?" थोरलीनं विचारलं.

"वाटेत तहान लागते," धाकटी म्हणाली. सून ऐकत होती. तिचे डोळे बाटलीवरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समितीची मोठी सभा होती. गॅससाठी आणखी विहिरी खोदायला परवानगी द्यायची की नाही, ते ठरायचं होतं. धाकटीनं सकाळी थोरलीच्या नळाचं ते पाणी मास्तरांच्या बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि साबणानं हात धुतले. तवंग बोटांना चिकटला होता, तो तिनं दोनदा धुतला. मनातला बेत सोपा होता. मास्तर एक घोट घेतील, तोंड वाकडं करतील, थुंकतील. चिमणीचं जठर ते. सगळ्यांदेखत होईल. तिला एक शब्द बोलावा लागणार नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत ट्रकवाले, ज्यांना काम हवं होतं. मागच्या रांगेत काळे झेंडे, शिलाई मजबूत. निळ्या कापडामागे कंपनीच्या बाई, इस्त्रीच्या कपड्यांत, स्वतःसमोर विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली ठेवून. हे एवढं कुणाच्याच डोळ्यावर आलं नव्हतं, की आलं होतं आणि सगळ्यांनी ते निमूटपणे गिळलं होतं, कोण जाणे.

वाद झाला. किराणावाल्यानं सांगितलं की कामगार आले म्हणून त्याचं दुकान उभं राहिलं. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की त्याच कामगारांमुळे भाडं वाढलं आणि तिला घर सोडावं लागलं. दोघं एकमेकांचे व्याही, आणि दोघंही खरंच सांगत होते. मास्तर उठेपर्यंत लोक पंख्याकडे बघायला लागले होते.

"शब्द पुरे," मास्तर म्हणाले आणि बाटली उघडली.

ग्लास अर्धा भरला असेल तोच त्यांचा हात थांबला. वास नाकात गेला होता. त्यांनी उजेडात धरायचं म्हणून ग्लास वर केला आणि तवंगाच्या वरून थेट धाकटीकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांची ती नजर कधी पाहिली नव्हती. त्यात राग नव्हता. हिशेब होता.

मग मास्तर प्यायले. घटाघटा, तळापर्यंत. गळ्याची घाटी वरखाली झाली, एकदा अडकली, पुन्हा चालू लागली. त्यांनी मिशी पुसली आणि हसले.

"गोड," ते म्हणाले.

"अजून एक," मागून नळवाला ओरडला.

मास्तर अजून एक प्यायले.

टाळ्यांचा पाऊस पडला. ट्रकवाले उभे राहिले.  थुंकले असते तर धाकटीला त्यांची कीव आली असती, मायाही आली असती. हे गिळणं तिच्या डोक्यात बसेना. ज्या मिशीवर तिनं इतकी वर्षं प्रेम केलं, तिच्यावर तेलकट थेंब चमकत होता, आणि तो बघून तिला किळस आली. तेवढी किळस तिला नळवाल्याच्या सिलिंडरचीही आली नव्हती.

सभेसाठी गावाहून आलेली थोरली शेजारीच बसली होती. तिनं कोपरानं ढोसलं. "बघितलंस? दोन ग्लास."

धाकटी वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "ताई, आजवर त्या बाटलीत आमच्या नळाचं पाणी असायचं. मी भरायचे."

थोरलीनं मान वळवली. "आणि आज?"

"आज तुझ्या नळाचं होतं. काल भरून आणलं तेच."

"मग प्यायले की ते," थोरली म्हणाली. "माझ्याच नळाचं प्यायले. दोन ग्लास. तुला नवऱ्याचं कौतुक बघवत नाही, दुसरं काय."

 इतके दिवस खोटं होतं ते धाकटीनं स्वतःच्या हातानं आज खरं करून दिलं होतं.

समितीनं परवानगी दिली. त्यांचं आधीच ठरलेलं असावं, कारण हार तयार होते.

सभेनंतर थोरली नेहमीसारखी संध्याकाळच्या बसपर्यंत धाकटीकडे आली. बोलत नव्हती, पण आली. मास्तर पुढे निघून आले होते. घरात शिरताच न्हाणीघरातून आवाज ऐकू आला. कण्हणं, ओकणं, बादली ओतणं, पुन्हा ओकणं. थोरली स्वयंपाकघरात खुर्चीवर टेकली. धाकटीनं चहाचं आधण ठेवलं. हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"अगं," न्हाणीघरातून मास्तरांचा आवाज आला. पायांचा आवाज त्यांनी ओळखला होता, पण एकीच्याच. "सांगायचं तरी होतंस. जीव गेला असता माझा."

धाकटीनं आधणात साखर टाकली.

"मला काय ठाऊक ते इतकं घाण झालंय." ते पुन्हा ओकले. थोड्या वेळानं आवाज सावरला. मास्तरांचा आवाज नेहमीच त्यांच्या आधी सावरायचा. "उद्या पलीकडच्या गावात सभा आहे. बाटली उकळत्या पाण्यानं नीट धुऊन घे. आणि आपल्या नळाचं भर. ऐकलंस ना? आपल्या नळाचं."

आधण उकळून वर आलं. धाकटीनं ते उतरवलं, गाळलं, कप थोरलीसमोर ठेवला. थोरली कपाकडे बघत राहिली. चहा स्वच्छ होता. वर वाफेखेरीज काही नव्हतं. तिनं कप थोडा कलता करून पुन्हा पाहिलं, जणू काही हरवलेलं शोधत होती.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"सुरुवातीपासून."

"पोरीच्या बाटल्या मी फेकून दिल्या," थोरली म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तोंडावर म्हटलं, नखरे करतेस. आणि काल तू माझ्या घरात बसून ते ऐकलंस."

"ताई, मला वाटलं, आज सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर कशाला? मी समोर होते ना."

 न्हाणीघरात मास्तर गुळण्या करत होते. खळखळ, थू, खळखळ, थू.

"तिला माझ्याकडे आणून सोड," धाकटी म्हणाली. "बाळंतपण होईपर्यंत. पुढची खोली रिकामी करते. मशीन आत घेते."

"आणते. उद्याच आणते. तिच्यासाठी." थोरली उठली. "मी नाही राहायची इथे. मला त्या माणसाच्या पंगतीला बसवणार नाही. आणि तुझं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही."

चहा तिनं घेतला नाही. ओट्यावर कालची रिकामी बाटली उपडी ठेवली होती, धाकटीची, पिशवीतली. पोरीला रात्रीपुरतं तरी पाणी हवं होतं. धाकटीनं ती उचलली आणि नळाकडे वळली.

थोरलीनं ती तिच्या हातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझी मी भरते."

तिनं बाटली तीनदा विसळली, नाकाशी नेऊन हुंगली, पुन्हा विसळली, आणि मगच नळाखाली धरली.