एका फुटाची जागा

शिडी भिंतीला टेकवून तिने खालची पायरी पायाने दाबून पाहिली आणि मागे वळून म्हणाली, "बाबा, वर तुम्ही चढायचं नाही."

"मग कोण चढणार? तू? तुला चित्रातलं काही कळतं का?" बाबांनी काठी खुर्चीला अडकवली होती आणि एक हात शिडीवर ठेवलाही होता.

"चित्रातलं नाही, शिडीतलं कळतं."

बाबा हसले आणि निमूट खुर्चीत बसले. गुडघ्यांचं आणि त्यांचं हल्ली पटत नव्हतं.

जुन्या कलासंग्रहालयाच्या वरच्या दालनात त्या दोघांखेरीज चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाई तेवढ्या होत्या. बाकीच्या भिंती रिकाम्या झाल्या होत्या. चित्रं उतरवलेल्या जागी भिंतीचा रंग उजळ राहिला होता, त्यामुळे कुठे काय टांगलेलं होतं ते अजून ओळखू येत होतं. छतातल्या काचांमधून उत्तरेचा सौम्य उजेड उतरत होता. याच उजेडात बाबांनी ऐन उमेदीच्या काळात दोन हिवाळे उभं राहून हे सतरा फुटी चित्र रंगवलं होतं. नदीकाठी नावेची वाट पाहणारी माणसं. पुढच्या आठवड्यात ही इमारत पाडायची होती. मैदानापलीकडे नवी काचेची इमारत उभी होती, आणि ती बाबांच्या या मुलीने आखली होती.

चित्र बाहेर काढायला अडचण नव्हती. पाडायचीच इमारत, एक भिंत आधी पाडली की झालं. घोडं अडलं होतं ते नव्या इमारतीत शिरताना. मूळ आराखड्यात असं ठरलं होतं की दर्शनी काचा बसवण्याआधी क्रेनने हे चित्र अख्खं आत घ्यायचं, म्हणून मालाची लिफ्ट तिने नेहमीच्या खोक्यांच्या मापाची ठेवली होती. मग उद्घाटन अलीकडे आलं, काचा आधी बसल्या आणि चित्र बाहेर राहिलं. आधी कळस, मग पाया. लिफ्टमध्ये नऊ फुटांपर्यंतच माल मावत होता. चित्र गुंडाळावं, तर बाबांनी अस्तराच्या रंगात वाळू मिसळलेली. गुंडाळी केली असती तर निम्मा रंग जमिनीवर आला असता. तेव्हा चित्र कापायचं, असं ठरलं.

हे सगळं तिने बाबांना सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं नव्या इमारतीच्या संचालकांच्या खोलीत घडलं होतं. नकाशावर पेन टेकवून ते म्हणाले होते, "या भिंतीवर आपण पडदा घेऊ. अख्खी भिंत उजेडाची. लोकांना आता चित्रासमोर उभं राहायचं नसतं, त्यांना चित्राच्या आत जायचं असतं." ती बरीच भांडली. हे दालन त्या चित्रासाठीच आखलंय, असंही बोलून गेली. "तेच म्हणतोय मी," संचालक अगदी मायेने म्हणाले होते. "वडिलांच्या चित्रासाठी बाईंनी दालन बांधलं, असं उद्या कुणी म्हटलं तर?" परत येऊन तिने नकाशात छताचे झरोके बुजवले, कारण पडद्याला अंधार लागतो. चित्र येणारच नाही म्हटल्यावर काचा अडवून धरायलाही काही कारण उरलं नाही. सही तिचीच होती. आता चित्र तळघरातल्या कोठारात जाणार होतं. तिथे ऊनवारा नव्हता, वाळवी नव्हती आणि माणसंही नव्हती. पडद्यावर पहिल्या वर्षी समुद्राखालचं जग दाखवायचं ठरलं होतं.

बाबांना हे सांगायला ती कितीदा घरी गेली आणि चहा पिऊन परत आली. आज सकाळी गाडीत तिने धीर करून तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनीच विचारलं, "तुझ्या त्या भिंतीवर उजेड कुठून येतो गं?"

"उत्तरेकडून," ती म्हणाली.

"मग हरकत नाही," म्हणून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

आता डागडुजीवाल्या बाई चित्राच्या मधोमध उभ्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी तिथे वरपासून खालपर्यंत फूटभर रुंद पातळ कागद चिकटवला होता, कापताना रंग उडू नये म्हणून. कागदाखालची माणसं अंधूक दिसत होती. "एकदाच कापायचं तर ते या फुटातच," त्या म्हणाल्या. "इकडे सरकलं तर डावा तुकडा लिफ्टमध्ये मावत नाही, तिकडे सरकलं तर उजवा."

त्या एका फुटात दोघी होत्या. डोईवरचा पदर हाताने धरून पाण्याकडे पाहणारी एक बाई, आणि तिच्या कडेवर, खांद्यावर हनुवटी टेकलेली एक लहान मुलगी. बाई म्हणजे बाबांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी म्हणजे आत्ता शिडी धरून उभी असलेली ही.

"तीन तुकडे केले तर?" तिने विचारलं.

"तर या दोघी वाचतील," बाई म्हणाल्या. "पण दोन ठिकाणी कापावं लागेल, आणि दर कापाला बोटभर रंग जाणार तो जाणारच."

"दोन ठिकाणी म्हणजे कुणावरून?" बाबांनी विचारलं.

बाईंनी हाताने दाखवलं. एकीकडे टोपली घेतलेला म्हातारा होता, दुसरीकडे दोघे भाऊ, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले.

"नको," बाबा म्हणाले. "त्यांनी काय घोडं मारलंय? दिवसच्या दिवस उभे राहिले बिचारे माझ्यासाठी. आपल्या घरच्यांना वाचवायला दुसऱ्याच्या मानेवर सुरी कशाला? एकदाच कापा."

मग ते खुर्चीतून उठले, चित्राच्या अगदी जवळ गेले आणि कागदावरून बोट फिरवू लागले. बोट बाईच्या कपाळाशी थांबलं, तिथून मुलीच्या गालाशी आलं, परत बाईकडे गेलं. खरी मुलगी मागे उभी राहून पाहत होती. या वयात तिला असं काही वाटायला नको होतं, पण वाटलं: बाबांनी आपल्याला वाचवावं. लगेच दुसरं वाटलं की आईला वाचवावं, आणि पहिल्या विचाराचा तिला राग आला.

"तुझ्यावरून नेऊ," बाबा म्हणाले.

"बरं."

"रागावू नकोस. तू आहेस अजून. तुला बघावंसं वाटलं तर फोन करता येतो, धावत येतेस." ते कागदापासून बोट न काढता बोलत होते. "हिचं तसं नाही. घरात फोटो आहेत, पण ते लग्नकार्यातले, अवघडलेले. अशी ती इथेच आहे. म्हणून म्हटलं, तोंड अख्खं असू दे. तुझ्याकडे आली की मी आपला रोज येऊन बसत जाईन. वेळ कुठे जातोय माझा? समोर बाक ठेवलंयस ना?"

डागडुजीवाल्या बाईंनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. कोठारातल्या कुठल्या कप्प्यात काय जाणार हे त्यांनीच लावलेलं होतं. खाली वाकून पेटीतल्या सुऱ्या त्यांनी एकदा काढल्या आणि पुन्हा होत्या तशा ठेवल्या.

"ठेवलंय," मुलगी म्हणाली.

"पाठ टेकायचं?"

"हो. पाठ टेकायचं."

बाईंनी निळीत बुडवलेली दोरी पुढे केली. मुलगी शिडीवर चढली. दोरीचं वरचं टोक तिने चित्राच्या काठाशी दाबून धरलं आणि खालचं बाबांनी, खुर्ची पुढे ओढून, वाकून धरलं. डोळा बारीक करून ते दोरी केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले. दोरी आता चित्रातल्या मुलीच्या डाव्या डोळ्यावरून, हनुवटीवरून आणि आईच्या खांद्यावरच्या तिच्या मुठीवरून जात होती. आईच्या गालाला ती लागत नव्हती.

हीच वेळ आहे, असं तिला वाटलं. आत्ता सांगितलं तर बाबा दोरी सोडतील. मग कदाचित म्हणतील, कापू नका, राहू दे इथेच, पडू दे भिंतीबरोबर. किंवा काहीच म्हणणार नाहीत आणि घरी जाऊन खिडकीशी बसतील. ते अधिक वाईट होतं. न सांगितलं तर निदान उद्घाटनापर्यंत त्यांच्याजवळ ते बाक होतं.

"दोन तुकडे लावताना मध्ये फट किती ठेवशील?" बाबांनी खालून विचारलं.

असले प्रश्न तिला जन्मभर लोकांनी विचारले होते. उत्तर आपोआप आलं. "पाव इंच."

"ठेवू नकोस. चिकटून लाव."

"बरं बाबा. चिकटून लावते."

"हं. ओढ आता."

तिने मोकळ्या हाताच्या चिमटीत दोरी धरली, आपल्याकडे ओढली आणि सोडली. कागदावर वरपासून खालपर्यंत निळी रेघ उमटली. बाबांनी मान वर करून ती नीट पाहिली.

"सरळ आली," ते म्हणाले.