मधली भिंत

सासूबाईंची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून जाईना, म्हणून सासऱ्यांनी मधली भिंतच काढायची ठरवली.

"परवानगी लागत असेल ना, बाबा?" सुनेनं विचारलं.

"आपल्याच घरात? मग उद्यापासून शिंकायलाही अर्ज करू."

गवंडी हसला. "आतलं कोण बघायला येतंय?"

भिंत अर्धी उतरली त्या दिवशी सून वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. फरशीलगत भिंतीत बोट जाईल एवढी भेग दिसली. सकाळी ती नव्हती. तिनं सासऱ्यांना वर बोलावून दाखवली.

"प्लास्टर जुनं झालंय," म्हणत ते खाली उतरले. नवरा परगावी कामाला. तो फोनवर म्हणाला, "बाबांच्या तोंडी लागू नकोस."

भाजीची पिशवी घेऊन ती बाहेर पडली आणि थेट नगरपालिकेच्या बांधकाम विभागात गेली.

दुपारीच तिथले इंजिनियर आले. त्यांनी छताला टेकू द्यायला लावले आणि काम थांबवलं. "वरच्या मजल्याचा भार या भिंतीवर आहे. अशी भिंत आतली असली तरी मंजुरी लागते. नकाशा काढून घ्या, तुळई कुठे घालणार ते दाखवा, मग बघू."

ते गेल्यावर सासरे तरातरा शेजाऱ्याच्या दारात गेले. दोघांची तरुणपणापासूनची मैत्री. "आवाजाचा त्रास होत होता तर तोंडावर सांगायचंस. चुगली कशाला केलीस?"

शेजारी नाही नाही म्हणत राहिला. शेवटी त्यानं दार लावून घेतलं.

जेवताना सून म्हणाली, "काकांनी नाही, मी गेले होते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते खोटं नाही."

"वासे आईंच्या डोक्यावर आले असते, बाबा."



मंजुरीला दोन महिने लागले. तोवर टेकूंमधून सासूबाईंना सासरे आणि सून मिळून उचलून नेत. "धर." "सावकाश." बोलणं तेवढंच.

तुळई बसली, भिंत निघाली, खुर्ची सरळ ओट्यापाशी गेली. त्या संध्याकाळी सासरे शेजाऱ्याकडे जाऊन "चुकलो" म्हणाले. तो "असू दे" म्हणाला, पण आत बोलावलं नाही.

परत आल्यावर सासरे चपला काढता काढता सुनेला म्हणाले, "तुझं बरोबर होतं. पण आधी मला सांगायचंस."

"सांगितलं होतं, बाबा."

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि ते आत गेले.